सुपरमॅनवाल्या ख्रिस्तोफर रीव्हची डॉक्युमेंटरी भावाला आत्ता दाखवू का नको?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा प्लीज, घरात कुणाशी मोकळं बोलता येत नाही म्हणून इथं लिहितोय.

माझा धाकटा भाऊ, वय २६. गेल्या पावसाळ्यात रात्री कंपनीतनं येताना गाडी घसरली आणि मणक्याला मार बसला. डी-१० लेव्हल, म्हणजे पाठीचा दहावा मणका, डॉक्टर म्हणतात कम्प्लीट इंज्युरी. ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू बसवले, पण कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही, लघवी-संडासचा कंट्रोल नाही. हात एकदम खणखणीत आहेत. पण पोरगं बोलायचंच बंद झालंय. भिंतीकडं तोंड करून मोबाईल बघत पडतो, मित्र आले की झोपल्याचं सोंग घेतो, व्हीलचेअर आणलीय ती कोपऱ्यात पडून आहे, तिच्यावर आई धुतलेले कपडे ठेवते.

तर झालं असं की परवा रात्री एकट्यानं 'सुपर/मॅन: द ख्रिस्तोफर रीव्ह स्टोरी' बघितली. २०२४ ची आहे. मला इतकंच माहीत होतं की जुना सुपरमॅन घोड्यावरनं पडला आणि नंतर वारला. बघायला बसलो आणि हललोच नाही. २७ मे १९९५, व्हर्जिनियात कल्पेपरला घोडेस्वारीची स्पर्धा, घोडा उडी घ्यायच्या जागी अचानक थांबला आणि हा पुढं डोक्यावर आपटला, हात लगामात अडकलेले म्हणून सावरता पण आलं नाही. मानेचे पहिले दोन मणके. ४२ वर्षांचा माणूस, सहा फूट चार इंच, आणि त्याच्यानंतर श्वास पण मशीनवर. शुद्धीवर आल्यावर बायकोला म्हणाला की मला जाऊ द्यावं का. आणि ती म्हणाली, निर्णय तुझा, पण तू अजून तूच आहेस आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे. तिथं मी पॉज करून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, खरं सांगतो.

आमच्या भावाला लहानपणापासनं सुपरमॅनचं वेड. केबलवर लागला की शाळा बुडवायचा. ज्या गाडीवरनं पडला तिच्या टाकीवर पण एसचा स्टिकर होता.

आता प्रश्न असा. त्याला ही दाखवावी का? बायको म्हणते दाखवा, उमेद येईल. आई म्हणते अजिबात नको. मला दोन्ही पटतंय. कारण तो माणूस बरा झाला नाही हो. नऊ वर्षं लढला आणि २००४ मध्ये ५२ व्या वर्षी गेला, दीड वर्षात बायकोही गेली, मुलगा १३ वर्षांचा. हे सगळं बघून आमचा अजून खचला तर? आणि तिथं नर्स, मशिनी, पैसा. इथं मी आणि आई.

ज्यांनी बघितलीय त्यांनी आणि ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी खास करून सांगा. अजून एक, नातेवाईक एका क्लिनिकचं नाव सांगतायत, स्टेम सेलचं इंजेक्शन, काही लाख खर्च, 'सहा महिन्यांत उभा राहील' म्हणतात. रीव्ह पण स्टेम सेलसाठीच भांडत होता ना? मग त्याच्यात काहीतरी असेलच असं मामा म्हणतात. जमीन विकायची गोष्ट चाललीय.

पडद्यामागं

कृष्णाकाठचा, आधी भावासाठी मनापासून सदिच्छा. माझ्या घरी अशी केस नाही त्यामुळे मी फक्त फिल्मबद्दल बोलू शकतो, पण ही दोनदा बघितलीय आणि तिच्याबद्दल मला बरंच सांगायचंय.

ही इयान बोनोत आणि पीटर एटेडगी या जोडीची आहे. त्यांनीच २०२० ला पॅरालिम्पिक्सवर डॉक्युमेंटरी केली होती, म्हणजे अपंगत्व हा विषय त्यांना नवीन नव्हता, आणि ते दिसतं. जानेवारी २०२४ ला सनडान्स फेस्टिव्हलला पहिल्यांदा दाखवली आणि पुढच्या वर्षी बेस्ट डॉक्युमेंटरीचं बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचं मोठं फिल्म अवॉर्ड, मिळालं. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे स्टोरी सरळ रेषेत नाही सांगितलेली. लहानपण, स्ट्रगल, स्टारडम, अपघात, मृत्यू अशी सांगितली असती तर पहिला अर्धा भाग आपण नुसते घोड्याची वाट बघत बसलो असतो. इथं अपघात सुरुवातीलाच येऊन जातो आणि मग दोन्ही आयुष्यं आलटून पालटून येतात. आत्ता तारेवर लटकून उडणारा २५ वर्षांचा पोरगा, आणि लगेच पुढच्या कटला त्याला हॉइस्टनी, म्हणजे माणूस उचलायच्या यंत्रानी, उचलून खुर्चीत ठेवतायत. हे क्रूर वाटू शकतं पण त्याच्यामुळे होतं असं की नंतरचा माणूस आधीच्या माणसाची उरलेली सावली वाटत नाही, दोघं एकच वाटतात.

आणि नट म्हणून तो काय होता हे लोक विसरलेत. १९७८ च्या सुपरमॅनमध्ये त्याची आवडती लोइस, तिच्या फ्लॅटमधला सीन काढून बघा. क्लार्क म्हणून, म्हणजे सुपरमॅनच्या साध्या माणसाच्या सोंगात, उभा आहे, खांदे पडलेले, मान पुढे, आवाज बारीक. ती आत गेलीय. हा चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आणि एका शॉटमध्ये, कटबिट काही नाही, माणूस चार इंच वाढतो. आवाजसुद्धा खाली उतरतो. खरं सांगून टाकणार इतक्यात धीर सुटतो आणि परत क्लार्क होतो. हे सगळं नुसत्या शरीरातून. ज्युलिअर्ड या नामांकित नाट्यशाळेत शिकलेला थिएटरचा माणूस होता, नट रॉबिन विल्यम्स तिथलाच, दोघांची दोस्ती तिथली. शरीर कमवायला डेव्हिड प्राउझनी ट्रेन केलं, तोच जो स्टार वॉर्समध्ये डार्थ वेडरच्या वेशात होता. मला म्हणूनच ते जास्त लागलं, की ज्याची सगळी कला मणक्याच्या ताठपणात होती त्याचाच मणका गेला.

रॉबिनचा किस्सा आहेच. ऑपरेशनच्या आधी, वाचायची खात्री नाही, आणि हा ऑपरेशनच्या कपड्यात रशियन डॉक्टर बनून आत घुसला आणि म्हणाला मी तुमची मागची बाजू तपासायला आलोय. रीव्ह अपघातानंतर पहिल्यांदा हसला तो तेव्हा. नटी ग्लेन क्लोज यात म्हणते की ख्रिस जिवंत असता तर रॉबिनसुद्धा आज असता. हे ऐकताना घसा दाटतो.

न आवडलेलं पण सांगतो. मध्येमध्ये एक दगडी पुतळा अवकाशात फिरताना दाखवलाय आणि त्याच्यातून हिरवे स्फटिक फुटतात, सुपरमॅनची ताकद घालवणाऱ्या क्रिप्टोनाइटसारखे. नको होतं. आणि म्युझिक फार ढवळाढवळ करतं, जिथं मुलांचे चेहरे पुरेसे होते तिथंसुद्धा व्हायोलिन.

पण संत नाही केला त्याला, हे महत्त्वाचं. वडील कवी, प्रोफेसर, फार कडक माणूस. मुलाला सुपरमॅनचा रोल मिळाला म्हटल्यावर त्यांना वाटलं बर्नार्ड शॉचं नाटक मिळालं, आनंद साजरा करायला शॅम्पेन मागवली आणि खरं कळल्यावर तोंड पाडलं. तो थंडपणा मुलात पण आला. पहिली जोडीदार गे एक्स्टन, लग्न नव्हतं केलं, तिला आणि दोन लहान मुलांना लंडनमध्ये ठेवून हा निघून आला, आणि ती स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलते. मुलं पण सांगतात की आधी बाबांबरोबर म्हणजे स्कीइंग, होडी, सतत काहीतरी करत राहायचं, आणि अपघातानंतर पहिल्यांदा नुसतं समोर बसून बोलणं सुरू झालं.

माझं मत, दाखवा, पण औषधासारखी पाजू नका. 'बघ तो कसा लढला' म्हणून लावलीत तर तुमचा भाऊ पाच मिनिटांत बंद करेल. मी बघितली, मला आवडली, तुला हवी तर लिंक आहे, इतकंच सांगा.

रॅम्प_कुठाय

मी लिहितेच आता. मी स्वतः व्हीलचेअरवर आहे, डी-१२, कॉलेजात असताना पडले, आता नाशिकला बँकेत नोकरी करते. म्हणजे तुमचा भाऊ जिथं आहे तिथं मी होते, भिंतीकडं तोंड करून.

पडद्यामागं यांनी फिल्म म्हणून छान लिहिलंय पण आम्हा लोकांना रीव्हबद्दल एक जुनं दुखणं आहे ते सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होणार नाही. २००० साली अमेरिकेत सुपरबोलच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या फायनलच्या, वेळी एका फायनान्स कंपनीची जाहिरात आली, त्यात कॉम्प्युटर ग्राफिक्सनी रीव्ह खुर्चीतून उठून चालत स्टेजवर जाताना दाखवला. लोकांना खरंच वाटलं, चौकश्या सुरू झाल्या की कुठं बरा झाला हा. तिथल्या अपंग हक्क चळवळीतले लोक चिडले, आणि बरोबरच चिडले. त्यांचं म्हणणं, आम्ही इतकी वर्षं रॅम्प, बस, नोकऱ्या, घरी राहून जगता यावं म्हणून मदतनीस यासाठी भांडतोय, १९९० ला कायदा करून घेतला, आणि हा एवढा मोठा माणूस जगाला सांगतोय की चालता येणं हेच सगळं. म्हणजे जो चालत नाही तो अर्धवट. डॉक्युमेंटरीत हा वाद येतो, नाही असं नाही, पण येतो आणि लगेच निघून जातो. मला तिथं अजून वीस मिनिटं हवी होती.

आणि तरीही, हे पण खरं, की मी तो माणूस पूर्ण नाकारू शकत नाही. मार्च १९९६ चं ऑस्कर, पडदा उघडला आणि हा खुर्चीत, व्हेंटिलेटरसह, अख्खं सभागृह उभं. तोपर्यंत असा माणूस टीव्हीवर कोण दाखवायचं? लपवायचे. आपल्याकडे तर अजून लपवतात, पाहुणे आले की आतल्या खोलीत. त्यानं त्या खुर्चीत बसून सिनेमे डायरेक्ट केले, रोल केले, इन्शुरन्स कंपन्यांशी भांडला की गंभीर इजेसाठी आयुष्यभराच्या खर्चाची जी वरची मर्यादा लावता ती वाढवा. डायरेक्ट करून पूर्ण केलेली शेवटची फिल्म ब्रुक एलिसनवर, त्याच्यासारखीच मानेखाली पॅरालाइज्ड, हार्वर्डला शिकलेली मुलगी. उपचारावरून हक्काकडे तो हळूहळू सरकत होता असं मला वाटतं, आणि ते सरकवण्यात त्याच्या बायकोचा, डेनाचा हात होता. तिच्याच आग्रहानं त्यांच्या फाउंडेशननं रोजचं जगणं सोपं करणाऱ्या कामांना पैसे द्यायला सुरुवात केली आणि २००२ ला पॅरालिसिस रिसोर्स सेंटर निघालं, जिथं नुकता पडलेल्या माणसाच्या घरचे फोन करून विचारू शकतात की आता पुढं काय.

आता तुमच्या भावाचं. दादा, स्पष्ट बोलते, राग मानू नका. त्याला सध्या डॉक्युमेंटरीची नाही, खुर्चीवरच्या जिवंत माणसाची गरज आहे. मला पुस्तकं दिली, प्रवचनं ऐकवली, कशानं काही झालं नाही. एक बाई आली, माझ्यासारखीच खुर्चीवर, सोबत कोणी नाही, रिक्षातून स्वतः उतरली, घरात येऊन म्हणाली मला बाथरूमला जायचंय, आणि गेली आणि आली. त्या दिवशी माझं डोकं पहिल्यांदा चाललं, की हे जमतं तर. तासभर ती फक्त पिशव्या, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, प्रवासात काय करायचं हेच बोलली. आईसमोर मी मेले असते विचारायला.

आणि सुपरमॅनच पाहिजे असेल तर आपल्या सांगली जिल्ह्यातला आहे, मुरलीकांत पेटकर. पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली गेलं, आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये गोल्ड, वर्ल्ड रेकॉर्डसकट. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. तुमच्या कृष्णेच्या काठचाच माणूस.

स्टेम सेलबद्दल हात जोडून सांगते, जमीन विकू नका. रीव्ह भांडत होता ते संशोधनाला परवानगी आणि पैसा मिळावा म्हणून, कुठल्या क्लिनिकात जाऊन इंजेक्शन घ्यायला नाही. आपल्याकडे आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या गाइडलाइन्स वाचा. रक्ताच्या आजारांसाठी बोनमॅरो वगैरे सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार मान्यताप्राप्त ट्रायलच्या, म्हणजे संशोधनाच्या चाचणीच्या, बाहेर देणंच योग्य नाही असं त्यात स्वच्छ आहे, आणि ट्रायल असेल तर पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जो लाखो मागतोय आणि सहा महिन्यांची गॅरंटी देतोय त्याला रजिस्टर्ड ट्रायलचा नंबर मागा. बघा काय उत्तर येतं.

कृष्णाकाठचा

ताई, राग कसला, पाया पडतो तुमच्या. नंबर मागायचं मामांना सांगितलं, ते म्हणाले विचारतो आणि अजून फोन नाही त्यांचा. पेटकर साहेबांचं नाव ऐकून होतो, हिंदी सिनेमा आला तेव्हा कळलं, पण आपल्या शेजारचे आहेत हे डोक्यात नव्हतं आलं. असं खुर्चीवरचं माणूस शोधायचं कुठं पण? आमच्या गावात एक जण होता, तो गेला जखमा होऊन.

देवघरातली_समई

जखमा होऊन गेला हे वाचून राहवलं नाही. माझे मिस्टर मानेपासून खाली, सी-५, म्हणजे मानेचा पाचवा मणका, झाडावरून पडले. म्हणजे मी डेनाच्या जागेवरून बघितली ही फिल्म.

सगळे रीव्हबद्दल बोलतात. मी सगळा वेळ तिच्याकडे बघत होते. गाणारी, नाटकात काम करणारी मुलगी, ३४ वर्षांची, पदरात तीन वर्षांचा मुलगा, आणि एका दुपारी आयुष्य उलटं झालं. होम व्हिडिओत ती सतत हसतेय आणि मला त्या हसण्यामागचं दिसत होतं, रात्री कितीदा उठली असेल ते. तिच्याकडे नर्स होत्या, खर्च वर्षाला लाखो डॉलर होता, तरी एकांत म्हणून काही राहिला नव्हता घरात, सतत कोणीतरी परका माणूस. आपल्याकडे उलटं, परकं कोणी नाही, सगळं आपणच. तो गेला ऑक्टोबर २००४ ला. ऑगस्ट २००५ ला तिनं सांगितलं की तिला फुप्फुसाचा कॅन्सर आहे, कधी सिगरेट ओढली नाही तिनं, आणि मार्च २००६ ला गेली, ४४ वर्षांची. मी बंद केलं तिथं. दुसऱ्या दिवशी उरलेलं बघितलं.

म्हणून माझं उत्तर वेगळं आहे. भावाला दाखवायची का नाही ते तो ठरवेल, पण तुम्ही आणि तुमची बायको आणि शक्य झालं तर आई, तुम्ही तिघं बसून बघा. आईंना इंग्लिश येत नसेल तर शेजारी बसून सांगा. कारण तुम्ही लिहिलंय 'इथं मी आणि आई'. आईचं वय काय? रात्री कूस कोण बदलतं? मी पहिली दोन वर्षं एकटीनं उचलत राहिले, सासूबाईंना हात लावू दिला नाही, कोणी विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणायचे, आणि मग माझ्याच कमरेची गादी सरकली तेव्हा घरात दोघं आडवे. आता सकाळी दोन तास मावशी येतात आणि संध्याकाळी दीर येतो, आणि आठवड्यातनं एक दुपार मी भजनाला जाते, ती दुपार कोणी मागितली तरी देत नाही. तुमच्या आईंना अशी एक दुपार द्या आधी.

आणि हो, जे वाक्य तुम्हाला ओट्यावर घेऊन गेलं, ते पूर्ण ऐका. ती आधी म्हणते की तू ठरवशील ते मला मान्य आहे, मी कायम सोबत आहे. तिनं निर्णय त्याच्या हातात ठेवला. आम्ही बायका काळजीपोटी सगळे निर्णय काढून घेतो. काय खायचं, कधी आंघोळ, कोणाला भेटायचं. माझे मिस्टर एकदा ओरडले होते की मला भाजी कुठली पाहिजे ते तरी विचार.

सांगली_टू_जर्सी

उशिरा आले या चर्चेत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, माहेर सांगलीचं, आता न्यू जर्सीत काम करते. रीव्ह अपघातानंतर ज्या केसलर इन्स्टिट्यूटमध्ये रिहॅबला, म्हणजे पुनर्वसनाला, होता ती इथंच वेस्ट ऑरेंजला, इथल्या आमच्या क्षेत्रात ते नाव रोज निघतं.

एक गोष्ट नीट समजून घ्या कारण यात लोक फार गोंधळतात. रीव्हची इजा सी-१, सी-२ ची. तिथं श्वासाचा पडदा पण बंद पडतो, हात पण गेले. तुमच्या भावाची डी-१०. म्हणजे हात, छाती, पोटाचा वरचा भाग, श्वास सगळं त्याचं आहे. मेडिकली दोघांची तुलनाच होत नाही. नीट रिहॅब झालं तर डी-१० चा माणूस स्वतः खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, हाताच्या कंट्रोलची गाडी, स्वतःचे कपडे, नोकरी, लग्न, सगळं करतो, करतातच. त्यामुळे 'रीव्हसारखं होईल' ही भीती डोक्यातून काढा, आणि तो फिल्म बघणार असेल तर हे त्याला आधी सांगा.

एका बाबतीत मात्र तुलना होते. रीव्ह शेवटी कशानं गेला? प्रेशर सोअर, आपण बेडसोअर म्हणतो ते. त्याच्या इन्फेक्शनवर उपचार चालू होते, आदल्या दिवशी मुलाचा हॉकीचा सामना बघून आला, त्या रात्री कार्डियाक अरेस्ट, कोमा आणि १० ऑक्टोबरला संपलं. जगातली सगळी यंत्रणा दाराशी असलेला माणूस. तुमच्या गावातला तो जण पण जखमांनीच. म्हणून खाटेवर असताना दर दोन तासांनी कूस, एअर मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणं टाळायचं नाही, खुर्चीत बसला की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार घेऊन बूड उचलायचं किंवा पुढं वाकायचं, आणि रोज रात्री आरशानं किंवा मोबाईलनं फोटो काढून माकडहाड, नितंब आणि टाचा बघायच्या. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. हे त्याला स्वतःला शिकवा, तुम्ही करू नका. स्वतःच्या कातडीची जबाबदारी स्वतः घेणं हे रिहॅबमधलं पहिलं काम असतं.

कायमचा कॅथेटर असेल तर सीआयसी, म्हणजे ठराविक वेळानं स्वतः नळी घालून लघवी काढायची पद्धत, युरॉलॉजिस्टना विचारा. हात चांगले आहेत, त्याला जमेल. खुर्चीवरची माणसं कुठं भेटतील म्हणालात, तर मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिनची संस्था आहे तिथं जा, ओपीडीच्या बाहेरच्या बाकांवर अर्धा दिवस बसलात तरी दहा जणांशी ओळख होईल. पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, ते जवानांसाठी, पण तिथले लोक खेळांच्या स्पर्धांना बाहेर येतात. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन ते काढा, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं.

कृष्णाकाठचा

अपडेट देतो. सगळ्यांचं वाचून दाखवलं बायकोला. समई ताई, आईला विचारलं रात्रीचं, तर रडली आणि मग म्हणाली मला माहेरी चार दिवस जाऊन यायचंय. गेलीय आज. आम्ही दोघं आणि चुलतभाऊ मिळून बघतोय.

भावाला इतकंच म्हणलं की सुपरमॅनची एक डॉक्युमेंटरी आहे, त्याची इजा तुझ्यापेक्षा खूप वर होती, शेवट वाईट आहे, बघायची तर बघ. काही बोलला नाही. काल दुपारी चहा घेऊन गेलो तर मोबाईलवर तीच चालू, ऑस्करचा सीन. मी ग्लास ठेवून निघालो तर मागनं म्हणला, दादा, हा खुर्ची चालवतो कशी, हात तर हलत नाहीत. मी सांगितलं की तोंडात नळी असते, फुंकलं की पुढं, ओढलं की मागं, असं काहीतरी. तर म्हणला, म्हणजे हवेच्या प्रेशरवर स्विच असणार, जोरात आणि हळू फुंकण्यात फरक असणार वळायला. तो सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, कामाला होता, मशीन बघितलं की डोकं चालतं त्याचं. आणि मग म्हणला आपली जी खुर्ची आहे ती बोगस आहे, तिच्यात बसलं की मी एका बाजूला कलंडतो म्हणून बसत नाही. इतके महिने आम्हाला वाटत होतं मन नाही म्हणून बसत नाही!

फिल्म पूर्ण नाही बघितली त्यानं, शेवटाच्या आधी बंद केली, नंतर बघू म्हणला. स्टेम सेलवाल्यांनी ट्रायल नंबर दिला नाही, 'आमची खास पद्धत आहे' म्हणाले. विषय संपवला, मामा नाराज आहेत, होऊ देत.

खुर्चीचं काय करावं सांगा आता. कुठली घ्यावी, माप काय असतं?

रॅम्प_कुठाय

अहो हे वाचून किती बरं वाटलं सांगू! कलंडतोय म्हणजे सीट रुंद आहे, तुम्हाला दुकानदारानं हॉस्पिटलवाली अठरा इंची फोल्डिंग दिली असणार, सगळ्यांना तीच देतात. सडपातळ असेल तर तिच्यात तो झोळीत बसल्यासारखा बसतो आणि पाठीचा कणा वाकडा व्हायला लागतो.

माप असं घ्या. त्याला कडक खुर्चीत किंवा फळीवर ताठ बसवा. कमरेची सगळ्यात रुंद जागा मोजा, दोन्ही बाजूंना दोन पुस्तकं उभी टेकवून मधलं अंतर घेतलं की बरोबर येतं, त्याच्यात एखादा इंच मिळवा, ती सीटची रुंदी. मग ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत मोजा आणि दोन इंच वजा करा, ती सीटची खोली. गुडघ्याच्या खळीपासून टाचेपर्यंत मोजा, बूट घालणार असेल तर बुटासकट, त्याच्यावर फूटरेस्ट ठरतो. पाठ फार उंच घेऊ नका, डी-१० ला खांद्याच्या पात्याच्या खालपर्यंत पुरते, उंच घेतली तर हात मागं नेऊन चाक ढकलता येत नाही. आर्मरेस्ट निघणारे हवेत म्हणजे बाजूनं सरकून खाटेवर जाता येतं. वजन जितकं कमी तितकं चांगलं, रोज ढकलायचं त्याला आहे. आणि खुर्चीइतकाच खर्च कुशनवर करा, नुसता स्पंज नको, बूड तिथंच जपायचंय.

माप घेताना टेप त्याच्याच हातात द्या, सीएनसीवाला आहे, तुमच्यापेक्षा नीट घेईल. आकडे इथं टाका म्हणजे मी आणि जर्सीच्या ताई बघतो. आणि त्याला माझा निरोप द्या, पुढच्या महिन्यात कराडला बहिणीकडं येणार आहे मी, चालणार असेल तर घरी येते. दाराला पायऱ्या किती आहेत तेवढं कळवा.